चिंटूची टीसी कोण काढणार?

व्यंगचित्र बघावं, हसावं, पान उलटावं. याला फार अक्कल लागत नाही. पण हायस्कूलच्या ऑफिसात जन्मभर क्लार्की केलेल्या माणसाला एवढंही धड जमत नाही. आमच्या घरी ‘चिंटू’ वाचला जातो तेव्हा पहिल्या चौकटीत तो दप्तर फेकतो, दुसरीत आई काहीतरी विचारते, तिसरीत तो उत्तर देतो आणि सगळं घर हसतं. मी त्या फेकलेल्या दप्तराकडे बघत बसतो. या पोराचं नाव कोणत्या शाळेच्या पटावर आहे? जनरल रजिस्टरला नंबर काय? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीनं 21 नोव्हेंबर 1991 ला ‘सकाळ’मध्ये त्याला उभा केला, तेव्हा तो शाळकरी होता. त्यानंतर नरसिंह राव गेले, वाजपेयी येऊन गेले, मनमोहनसिंग दहा वर्षं राहून गेले, आणि चिंटूची स्वारी शाळेतच. पास नाही, नापास नाही, गळती नाही, टीसी नाही. असा विद्यार्थी मी उभ्या नोकरीत पाहिला नाही, आणि ज्याची नोंद सापडत नाही त्याच्यावर मला हसू येत नाही.

“अहो, चित्र आहे ते,” सौ. म्हणते.

“चित्र असेल. पण शाळेत जातं ना?”

“जातं.”

“मग हजेरी कोणीतरी घेतच असेल.”

“तुम्ही एकदाचं हसून घ्या बरं. चहा गार होतोय.”

“हसतो. आधी जन्मतारीख कळू दे.”

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात माणूस घाटावरचा की घाटाखालचा हे आधी विचारतात, नाव नंतर. बुलडाणा, चिखली, मेहकर हे घाटावर. तिथली हवा थंड, म्हणून तिथली माणसं आम्हाला तापट म्हणतात. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे घाटाखाली. मे महिन्यात इथं टिनाखाली बसून निकालपत्रकं तपासली की घाटावरच्यांचं म्हणणं खरं ठरतं. मी घाटाखालचा, चिंटू पुण्याचा. त्या काळात पुण्याचा पेपर आमच्या गावात रोज येण्याची काही सोय नव्हती. तो यायचा मेव्हण्यासोबत, सुट्ट्यांमध्ये, आणि तोही स्वतःच्या तोऱ्यात नव्हे. काचेच्या बरण्या, कपबशा, लोणची असं जे काही सासूबाई लेकीला पाठवायच्या, त्याभोवती गुंडाळलेला.

सामान बाहेर निघालं की सौ. ते कागद हातानं दाबून सरळ करायची आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायची. अशा रीतीनं चिंटू आमच्याकडे राहायला आला तो डब्यांखाली. पहिली चौकट उघडी, दुसरी ज्वारीच्या पिठाच्या डब्याखाली, तिसरी तिखटाच्या. विनोदाचा शेवट वाचायचा तर तिखटाचा डबा उचलावा लागे आणि हसण्याआधी शिंक येई. पाहुण्यांपैकी एका मावशींनी सौ.ला बाजूला घेऊन विचारलं होतं, “जावईबापू डबे उचलून खाली काय बघतात गं? पैसे ठेवतेस का तिथं?”

गंमत अशी, की 1992 चा जून 1993 च्या दिवाळीशेजारी पडला तरी काही बिघडत नसे. एका फळीवर चिंटू फटाके उडवतोय, दुसरीवर भिजत घरी येतोय, तिसरीवर त्याला सुट्टी लागलीय. क्रम कसाही लावा, पोरगं तेच, मित्र तेच. पप्पू, मिनी, बगळ्या, आणि ओरडायला जोशीकाकू. पण आमच्या पेशात क्रमाला फार महत्त्व. मी सगळ्या फळ्या रिकाम्या करून कागद तारीखवार लावले, की निदान इयत्ता पुढे सरकल्याचा एखादा पुरावा हाती लागेल. हाती लागलं ते तिखटच, आणि तोच हात मी डोळ्याला लावला.

आता जन्मतारखेचं. आमच्या भागात पूर्वी पोराला शाळेत घालायला बाप यायचा, तो गाईचं वय दिवसासकट सांगायचा; पोराचं विचारलं की आभाळाकडे बघायचा.

“जन्म कधीचा?” गुरुजी विचारत.

“लय पाणी पडलं होतं गुरुजी त्या साली.”

“महिना कोणता?”

“आता मले काय मालूम? मी वावरात होतो.”

मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. तारीख ठरलेली, 1 जून. म्हणून आमच्या पिढीत अख्खंच्या अख्खं गाव 1 जूनला जन्मलेलं आहे. माझी आई सांगायची, तू पोळ्याच्या दिवशी झालास, बाहेर बैल सजवत होते. रजिस्टरनं मला उचलून 1 जूनवर आणून बसवलं. दरवर्षी त्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सहापासून केक पडायला लागतात आणि दुपारपर्यंत ज्याचा वाढदिवस नाही असा एकच माणूस उरतो. तोच सगळ्यांना शुभेच्छा देऊन दमतो.

तर चिंटूची तारीख 1 जून, हे मी केव्हाच ठरवून टाकलं. अडलं ते सालावर. 1991 ला हे पोरगं बूट घालून शाळेत जात होतं, म्हणजे मागे जावं लागतं. आणि मागे गेलो की चिंटूचे केस गळायला लागतात, पोट सुटतं, होम लोनचा हप्ता सुरू होतो. साल पुढे आणावं तर तो जन्माआधीच शाळेत हजर. माझ्या रजिस्टरात एक रकाना पेन्सिलीनं भरलेला आहे तो हाच.

बरं, या काळात शिक्षणखातं काही झोपलेलं नव्हतं. 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. गावोगावच्या गुरुजींनी ‘ए फॉर अॅपल’ म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे संत्री, सीताफळं, केळी. सफरचंद दिसायचं ते आजारी माणसाच्या उशाशी, त्यामुळे बरीच वर्षं पोरांना ‘ए फॉर दवाखाना’ असंच वाटत होतं. चिंटूला मात्र कोणी विचारलं नाही, की बाबा तुझं इंग्रजी कितवीपासूनचं. पुढे 1 एप्रिल 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, आठवीपर्यंत कोणालाही नापास करायचं नाही. चिंटूच्या बाबतीत हे 1991 पासूनच चालू होतं. फक्त त्याला कोणी पासही करत नव्हतं, एवढी एक फट कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून सुटली.

मग 2011 चा ऑक्टोबर आला. राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. पथकं आली, डोकी मोजली गेली, पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लागली. आमच्या शाळेतली पोरं तर इतकी खूश झाली, की घरी जाऊन विचारती झाली, “कोण निवडून आलं?” कुठं कुठं असं निघालं, की पोरं पटावर आहेत पण वर्गात नाहीत. मला त्या रात्री चिंटूच आठवत राहिला. याचं नेमकं उलटं. रोज सकाळी न चुकता हजर, पण पटावर नाही.

2023 मध्ये पुन्हा वारं फिरलं. पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा. नापास झाला तर आणखी एक संधी, आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात. मी परिपत्रक वाचून दाखवलं तेव्हा आमचे शिपाईभाऊ खडूचे खोके मोजत होते. ते म्हणाले, “म्हंजे त्या चिंट्याले आता नियमानं राहता येते म्हना की तिथंच.”

चिंटूवर प्रेम करावं तर आमच्या स्टाफरूमनं. गणिताच्या सरांना तर तो मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा असंच मधल्या सुट्टीत त्यांनी वाचलं, चिंटूनं आईला दिलेल्या उत्तरावर टेबल बडवलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, “काय हजरजबाबी पोरगं आहे!” तेवढ्यात दारात आठवीतला एक विद्यार्थी येऊन उभा राहिला.

“गृहपाठ का नाही केला?” सरांनी डोळे पुसतच विचारलं.

“सर, रात्री लाइन गेली होती.”

“आणि दिवसा काय करत होतास?”

“लाइन जाईन असं वाटलंच नाही सर.”

सरांचा चष्मा वर चढला, आवाज त्याच्याही वर. “उद्या बापाला घेऊन ये! उलट उत्तरं देतो!” पोरगं गेलं. सरांनी पेपर पुन्हा उघडला आणि मुलांची निरागसता हल्ली कशी हरवत चालली आहे यावर आम्हाला सुट्टी संपेपर्यंत सांगितलं. एकच उत्तर, चौकटीत छापलं तर कात्रण काढून ठेवायचं आणि दारात उभं राहून दिलं तर बाप बोलवायचा; चौकटीची एवढी किंमत मी फक्त आमच्या संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या दिवाणखान्यात पाहिली आहे, त्यांच्या स्वतःच्या फोटोंना.

अध्यक्षसाहेबांवरून आठवलं. आमच्या शाळांचा जीव 30 सप्टेंबरच्या पटात असतो. त्या तारखेला किती पोरं पटावर आहेत, त्यावर संचमान्यता. संचमान्यतेवर शिक्षकांची पदं. आणि पदांवर गावातली निम्मी गृहकर्जं. पोरं तर दरवर्षी पिवळ्या व्हॅनमध्ये बसून कॉन्व्हेंटात जायला लागलेली. आमच्याकडे कोणत्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. मग तिथं नन असो की नसो, टाय असला की झालं. सप्टेंबर आला की आमचे सगळे शिक्षक पोरं शोधत वाड्या-वस्त्या फिरतात. कोणाच्या घरी पाळणा हलताना दिसला तरी इतिहासाचे सर थांबून विचारतात, “कितवीत घालणार?”

एका वर्षी एक तुकडी जायची पाळी आली. हेडसर डोकं धरून बसले होते.

“भेंडवळले पाहून यावं का, सर?” शिपाईभाऊंनी सुचवलं.

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. वावरात अठरा धान्यं गोल मांडतात, मधल्या घटाजवळ पुरी, पापड, करंजी, पानसुपारी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठं सरकला ते पाहून पीकपाणी, पाऊस, राजाची गादी, सगळं सांगतात. अख्खा जिल्हा ऐकायला जातो. ज्याचा विश्वास नाही तो मागे उभा राहून ऐकतो.

“त्यात पाऊस सांगतात,” हेडसर म्हणाले, “आठवी ब नाही सांगत.”

तेव्हा पीटीचे सर बोलले, “सर, मी म्हणतो चिंटू घ्या पटावर. कॉन्व्हेंटात जाणार नाही, ऊसतोडीला जाणार नाही, मुंबईला जाणार नाही. दहावी होऊन जाईल ही भीती तर नाहीच नाही. असा विद्यार्थी मिळाला तर आपण सगळे सुखानं रिटायर होऊ.”

आम्ही हसलो. अध्यक्षसाहेब हसले नाहीत. ते चहाला आले होते आणि ‘पटावर घ्या’ एवढंच त्यांच्या कानावर पडलं होतं.

“कोणाचा मुलगा आहे?”

“साहेब, तो पुण्याचा आहे. म्हणजे तसा पेपरात येतो.”

“पेपरात येतो?” साहेबांनी कप खाली ठेवला. “किती वेळा?”

“रोज.”

साहेब स्वतः पेपरात वाढदिवसाला येतात, तेही पैसे भरून आणि बाजूला सत्तावीस शुभेच्छुकांचे चेहरे लावून. त्यांनी आवाज खाली आणला. “फोटोसकट?”

“रोज तीन-चार फोटो असतात साहेब.”

“कोणत्या गटाचा आहे?”

“गट नाही काही. बगळ्या, पप्पू, मिनी असे चार-दोन सोबत असतात. आणि ओरडायला जोशीकाकू.”

“कार्यकर्ते पण आहेत.” साहेब उभे राहिले. “घ्या त्याला. सोबतच्यांनाही घ्या. जोशीकाकू कोण म्हणालात? त्यांना पालक-शिक्षक संघावर टाका.”

साहेबांनी सांगितलं की करायचं, ही आमच्या संस्थेची घटना. मी रात्री विद्यार्थी नोंदणीचं पोर्टल उघडलं. ही ऑनलाइन कामं रात्रीच करायची असतात. दिवसा अख्खा महाराष्ट्र एकाच वेळी आत शिरतो आणि पडद्यावर चाक फिरत राहतं. साडेबाराच्या सुमारास पान उघडलं. विद्यार्थ्याचं नाव : चिंटू. आईचं नाव : आई. वडिलांचं नाव : पप्पा. आडनाव कोरं ठेवलं, तर लाल अक्षरांत ‘हा रकाना अनिवार्य आहे’. ‘पुणेकर’ टाकलं. जन्मतारीख 1 जून, साल 1983. ‘वय इयत्तेशी जुळत नाही.’ साल 2015 केलं. ते घेतलं, पण खाली ‘शाळेत प्रथम प्रवेशाचं वर्ष’ विचारलं. मी सवयीनं खरं तेच, 1991 लिहिलं. चाक फिरू लागलं ते थांबेचना. मला वाटतं, त्या रात्री माझ्याआधी त्या यंत्रालाच घाम फुटला.

चाक कसंबसं थांबलं तर पुढे आधार. आधार नसलेलं पोर संचमान्यतेत मोजत नाहीत. आणि पोरांचे ठसे पाचव्या वर्षी एकदा, पंधराव्या वर्षी एकदा नव्यानं द्यावे लागतात. पंधरावं वर्षच ज्याला लागत नाही, त्याला कोणत्या तारखेला केंद्रावर न्यायचं? रात्री दोन वाजता सौ. उठून आली.

“काय चाललंय?”

“चिंटूचं आधार लिंक होत नाहीये.”

तिनं काही न बोलता दिवा मालवला. सकाळी तिनं मेव्हण्याला फोन करून विचारलं, की तुमच्याकडे कोणाला उतारवयात असं काही झालं होतं का.

मेव्हण्यानं ते विनोद म्हणून आपल्या लेकीला सांगितलं. ती अमेरिकेत ओहायो राज्यात असते, नोकरी करते, आणि मामाची… म्हणजे आत्याच्या नवऱ्याची चेष्टा करायची संधी सोडत नाही. तिनं मला व्हॉट्सअॅपवर तिकडची अशी पोरं पाठवायला सुरुवात केली. मी चष्मा पुसून बघतो तर काय, तिकडे आख्खी हायस्कुलं तुंबलेली!

पहिला आर्ची. 1941 साली कॉमिकच्या पुस्तकात आला, 1946 पासून वर्तमानपत्रात. म्हणजे आपल्याकडे ‘चले जाव’ व्हायच्या आधीपासून हा गडी रिव्हरडेल हायस्कूलमध्ये. इंग्रज गेले, हा गेला नाही. बेट्टी की व्हेरोनिका, या दोन मुलींतून एक ठरवायचं त्याला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. हेडसर म्हणाले, “आमच्या घरी एका बैठकीत ठरलं. मला विचारलंसुद्धा नव्हतं.”

दुसरा ‘झिट्स’मधला जेरेमी. 1997 ला हजर झाला तेव्हा पंधरा वर्षांचा. पुढे बऱ्याच वर्षांनी सोळाचा झाला आणि तिथंच थांबला. वर्गशिक्षिका बाईंनी हिशेब मांडून सांगितलं, की या गतीनं त्याला मतदानाचा हक्क मिळेपर्यंत आपण कोणीच नसू.

पण आमची शाळा जिंकली ती गिल थॉर्पनं. हा विद्यार्थी नव्हे, मिलफर्ड हायस्कूलचा खेळाचा कोच. 1958 साली जॅक बेरिल नावाच्या चित्रकारानं त्याला मैदानावर उभा केला. चित्रकार वारला, पुढे दुसऱ्यांच्या हाती पट्टी गेली, पण कोच जागचा हलला नाही. फुटबॉलचा मोसम, बास्केटबॉलचा मोसम, बेसबॉलचा मोसम, पुन्हा फुटबॉल. पीटीचे सर कात्रणाकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांचा बास्केटबॉल कपाटात, कपाटाची किल्ली हेडसरांकडे, आणि मैदानावर लग्नाचा मांडव.

“1958 पासून एकाच शाळेत,” ते शेवटी म्हणाले. “अतिरिक्त नाही, समायोजन नाही, निवडणुकीची ड्यूटी नाही. संस्थाचालकाचा जावई असला पाहिजे.”

आणि मग भाचीनं तो पाठवला, ज्याच्यासाठी माझा जीव तरसत होता. ‘फंकी विंकरबीन’. टॉम बाट्युक नावाच्या गृहस्थानं 27 मार्च 1972 ला सुरू केलेली हायस्कूलची चित्रपट्टी. माणूस स्वतः शाळेत चित्रकला शिकवलेला, म्हणजे रजिस्टर काय असतं ते ओळखणारा. त्यानं वीस वर्षं पोरं त्याच शाळेत ठेवली आणि 1992 मध्ये सरळ काळाची उडी मारून त्यांना पुढे ढकललं. उत्तीर्ण! बाहेर! 2007 मध्ये आणखी दहा वर्षांची उडी. मी ऑफिसात एकटाच होतो, तरी टाळी वाजवली. जगात एक तरी चित्रकार असा निघाला ज्यानं वेळेवर टीसी काढली.

पण माझा आनंद पुढची कात्रणं येईपर्यंतच टिकला. दाखला हातात पडायचा अवकाश, त्या पोरांच्या मागे जे शुक्लकाष्ठ लागलं ते लागलंच. कोणाचं लग्न मोडलं, कोणाला दारू लागली, आणि 2007 मध्ये लिझा नावाची त्यांच्यातली एक, कर्करोगानं गेली. तिकडच्या लोकांनी सकाळी हसायला म्हणून पान उघडावं आणि रुमाल शोधावा. 31 डिसेंबर 2022 ला ती पट्टी संपली. कात्रणं स्टाफरूममध्ये फिरली आणि सगळे गप्प झाले. मग विज्ञानाच्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघितलंत? तुम्ही दाखले देता तेव्हा असं होतं.”

जणू आजवरच्या सगळ्या घटस्फोटांवर माझा शिक्का होता.

खरं तर याची कल्पना आपल्या लोकांना आधीच आली असावी. 2012 मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी चिंटूवर सिनेमा काढला आणि लगेच 2013 मध्ये दुसरा भाग आला. इतकी घाई का, असं लोकांनी विचारलं असेल. मी नाही विचारलं. खरं पोरगं पडद्यावर घेतलं की त्याला खरी जन्मतारीख असते. एक उन्हाळा मध्ये गेला तरी आवाज फुटतो, मिसरूड फुटतं, आणि मग जोशीकाकूंनाच त्याची भीती वाटायला लागते.

तेवढ्यात माझाच दाखला निघायची वेळ झाली. 1 जूनचा जन्म असला की सरकारी हिशेबात माणूस 31 मेलाच संपतो. आमच्या पिढीतले सगळे त्यामुळे एकाच दिवशी रिटायर होतात. तालुक्यात नारळ मिळत नाही आणि शाली उसन्या आणाव्या लागतात. पोळ्याला जन्मलेल्या माणसाचे जून, जुलै आणि ऑगस्ट, असे पगार त्या कान धरायला लावणाऱ्या गुरुजींनी कधीच कापून ठेवले होते. अध्यक्षसाहेबांनी भाषणात माझं नाव बरोबर घेतलं, गाव चुकवलं. शेगावच्या कचोऱ्या मागवल्या होत्या, त्या हारतुऱ्यांच्या आधी संपल्या.

चार्ज द्यायला माझ्यासमोर बसलेला नवा क्लार्क चाळिशीतला होता. बरीच वर्षं विनाअनुदानित शाळेत पगाराची वाट पाहून आलेला. कानावरचे केस पांढरे. मी एकेक वस्तू टेबलावर ठेवत गेलो. कपाटाच्या किल्ल्या, गोल शिक्का, जनरल रजिस्टरं, कोरी टीसी पुस्तकं, आणि शेवटी तिखटाचे डाग पडलेली एक फाइल.

“ही कशाची?”

“चिंटूची. नोंद प्रलंबित आहे. आडनाव, साल आणि आधार, एवढंच राहिलंय.”

त्यानं फाइल उघडली. एक कात्रण वाचलं, दुसरं वाचलं. मग माझ्यासमोर, सेवेच्या पहिल्याच दिवशी, कामाच्या वेळेत, तो खो खो हसत सुटला. पार डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

“सर, हा तर माझ्या बरोबरीचा,” तो म्हणाला. “मी चौथीत होतो तेव्हा हा सुरू झाला. आम्ही दोघं एकदमच शाळेत होतो. मी पुढे गेलो, हा तिथंच राहिला.”

शिपाईभाऊ कचोरीच्या रिकाम्या पुड्या गोळा करत होते. त्यांनी नव्या साहेबांचे पांढरे केस पाहिले, विनाअनुदानित वर्षांनी झिजलेली चप्पल पाहिली, हातातलं कात्रण पाहिलं.

“मंग तुमीच काऊन पुढं गेले सायेब?” ते म्हणाले. “पोट्टं तं हुशार दिसते.”